गाडीचा सेल्फ घासतो तेव्हा



मी गेवराई तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. एरवी या वेळेला मी तुमच्याशी बचत, कर्जाचे हप्ते आणि बँकेचे कागद यांवर बोलते. आज मात्र गाडीच्या एका आवाजाबद्दल बोलणार आहे.

चांगली गाडी चावी फिरवल्यावर एका लयीत घुमते आणि सुरू होते. पण कधी कधी 'घर्रर्र' असा आवाज येतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. ऐकून दात आंबतात. मग दुसऱ्यांदा चावी फिरवली की गाडी सुरू होते आणि आपण तो आवाज विसरून जातो. आम्हीही तसाच विसरलो होतो. त्याची गोष्ट आधी सांगते.

आमच्या गटाने चार वर्षांपूर्वी कर्ज काढून एक जुनी डिझेलची चारचाकी घेतली. गटाची डाळ आणि शेवया गेवराईच्या बाजाराला न्यायच्या, येताना किराणा आणायचा, बाकी वेळ भाडं करायचं. चालवते गटातलीच एक ताई. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडचे कोयते कारखान्यांवर निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. गावात म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि आम्ही थोड्या बाया राहतो. अशाच जानेवारीतल्या एका पहाटे गटातल्या काकूंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन लावला. पण गाडी लांब होती, यायला वेळ लागणार होता. म्हटलं, आपली गाडी दारात आहे, तीच काढू.

ताईने चावी फिरवली. घर्रर्र. पुन्हा फिरवली. घर्रर्र. चार वेळा तेच. सून आत बसून कण्हत होती. शेवटी आम्ही सहा जणींनी पदर खोचले आणि गाडीला धक्का मारला. उतार होता म्हणून गाडी सुरू झाली. वेळेत दवाखान्यात पोचलो. बाळ-बाळंतीण सुखरूप.

पण परत येताना मला स्वतःची लाज वाटत होती. कारण तो आवाज त्या पहाटे पहिल्यांदा आला नव्हता. पंधरा दिवसांपासून येत होता. ताईने मला सांगितलंही होतं आणि मी म्हणाले होते, "चालू होतेय ना? मग पुढच्या महिन्यात बघू." गटाच्या पैशाचा हिशेब मी रुपया-रुपयाने लिहिते. गाडीचा आवाज मात्र कुठेच लिहिला नाही.

त्यानंतरच्या बैठकीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक, गावात बोलणं सुरू झालं की बाईच्या हातात गाडी दिल्यावर असंच होणार. दोन, एका गॅरेजवाल्याने गाडी न खोलता, नुसता आवाज ऐकून सांगितलं की पूर्ण सेल्फ बदलावा लागेल. नवा सेल्फ म्हणजे आम्हा दहा जणींची सहा महिन्यांची बचत. ताई म्हणाली, "आधी मी स्वतः बघते. मग काय ते ठरवा." गावात एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मामा आहेत. त्यांना विनंती केली. ते बाजेवर बसून सांगत गेले आणि हात ताईने आणि मी चालवले. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते आज तुम्हाला सांगते.

आधी सेल्फ म्हणजे काय ते समजून घेऊ. शेतातल्या पाण्याच्या मोटारीची जी पेटी असते तिलाही आपण स्टार्टर म्हणतो. ती वेगळी. गाडीचा स्टार्टर, म्हणजे सेल्फ, ही बॅटरीवर चालणारी एक छोटी पण ताकदवान मोटार असते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे ती बोल्टने बसवलेली असते. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं आणि त्याच्या कडेला दात्यांची रिंग असते. रिंगला शंभरावर दात असतात. सेल्फच्या टोकाला नऊ-दहा दात्यांचं छोटं चाक असतं. मिस्त्री त्याला बेंडिक्स म्हणतात.

शिवणयंत्रावर बॉबिन भरताना आपण तो छोटा वाइंडर चाकाला टेकवतो आणि बॉबिन भरली की बाजूला करतो ना? तसंच इथे आहे, फक्त उलट. छोटं चाक मोठ्याला फिरवतं. चावी फिरवली की बेंडिक्स पुढे सरकतो, त्याचे दात रिंगच्या दातांत बसतात, मोटार फिरते, इंजिन सुरू होतं आणि चावी सोडली की बेंडिक्स मागे येतो. त्याला पुढे ढकलण्याचं काम सेल्फवर बसवलेली एक नळकांड्यासारखी वस्तू करते. तिला सोलेनॉइड म्हणतात.

दात दातांत नीट बसले नाहीत आणि मोटार मात्र फिरली, की दात दातांवर घासतात. तोच तो घर्रर्र आवाज. दर वेळेला दोन्हीकडचं थोडं थोडं लोखंड झिजतं. बेंडिक्स हा स्वस्त भाग आहे आणि सेल्फ काढला की बदलता येतो. रिंग झिजली तर मात्र गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरीच किती तरी पट होते. म्हणून हा आवाज पुढच्या महिन्यावर ढकलायचा नसतो.

प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा असतो. नीट ऐका.

भराभर 'टकटकटक' असा आवाज आला आणि इंजिन फिरलंच नाही, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो. एकदाच 'टक' झालं आणि पुढे काहीच नाही, तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट किंवा मोटारीचे कार्बन खराब झालेले असू शकतात. 'सुंईं' करून मोटार नुसतीच मोकळी फिरली आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स पुढे येत नाही किंवा आतून घसरतो. मिस्त्री म्हणतात, सेल्फ फ्री फिरतोय. घर्रर्र आवाज आला, तर दात नीट बसत नाहीत. आणि इंजिन सुरू झाल्यावरही घर्रर्र चालूच राहिलं, तर बेंडिक्स मागे येत नाही किंवा चावी अडकली आहे. अशा वेळी इंजिन लगेच बंद करा. तरीही सेल्फ फिरतच राहिला, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

एक चूक चालवणाऱ्याचीही असते. इंजिन सुरू झालेलं असताना पुन्हा चावी मारली तर घर्रर्र होतंच. आणि पहिल्यांदा सुरू झालं नाही म्हणून घाईने लगेच दुसऱ्यांदा मारली, तरी होतं. आतलं चाक पूर्ण थांबू द्यायचं, मगच पुन्हा चावी फिरवायची. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही. मध्ये मिनिटभर थांबायचं, नाहीतर मोटार तापून जळते.

आता घरी काय तपासायचं ते सांगते. त्याआधी जिवाची काळजी. धातूच्या बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू टेकला तर क्षणात लाल होतो आणि हात भाजतो. पदर, ओढणी आणि केस घट्ट बांधा. गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. सेल्फ मारून पाहताना गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही.

पहिली तपासणी बॅटरीची. हेडलाइट लावा आणि एकीला चावी फिरवायला सांगा. लाइट अगदी विझत आले तर आधी बॅटरी आणि तिच्या वायरी बघा. लाइट बऱ्यापैकी तसेच राहिले आणि आवाज घर्रर्र असेल, तर दोष दातांकडे आहे. टर्मिनलवर थर असेल तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. बसवताना निगेटिव्ह शेवटी. तो थर आम्लाचा असतो म्हणून हातात रबरी मोजे घाला आणि डोळे सांभाळा. घरात मीटर असेल तर बंद गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर तो साधारण 12.6 व्होल्ट दाखवतो. 12.2 च्या खाली असेल तर बॅटरी अर्धी उतरली आहे असं समजा.

दुसरी तपासणी रिंगची, गाडी न खोलता. ही मला सगळ्यात आवडली. इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन-तीन जागांवरच थांबतं. त्यामुळे रिंगही तेवढ्याच जागी जास्त झिजते. घर्रर्र आवाज आला की चावी काढून खिशात ठेवा. गाडी वरच्या गिअरमध्ये, म्हणजे चौथ्या किंवा पाचव्यात टाका, ओंडके आणि हँडब्रेक काढा आणि दोघी-तिघींनी गाडी वीतभर पुढे ढकला. त्याने आतलं चाक थोडं फिरतं. मग न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि चावी फिरवा. आता सेल्फ नीट बसला, आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर रिंगचे काही दात गेलेत असा संशय घ्यायचा. कुठेही ढकलली तरी आवाज येतच असेल, तर दोष सेल्फच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. अडचणीच्या वेळी गाडी सुरू करायलाही ही युक्ती कामाला येते. त्या पहाटे आम्हाला ती माहीत नव्हती. पण ती तात्पुरतीच. आणि ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला हे चालत नाही.

तिसरी तपासणी बोल्टची. सेल्फ दोन किंवा तीन बोल्टांवर बसलेला असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर धडधडून ते ढिले होतात. बोल्ट ढिला झाला की सेल्फ किंचित तिरका होतो आणि दात समोरासमोर येत नाहीत. हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कारण सेल्फला येणाऱ्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो. पाना त्या टोकाला आणि गाडीच्या अंगाला एकदम लागला तर मोठी ठिणगी पडते. काही गाड्यांत सेल्फ वरून दिसतो, काहींत खालून. खालून असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटाही लावू नका, विटा फुटतात. लोखंडी स्टँड किंवा लाकडी जाड ठोकळे लावा. ते नसतील तर हे काम गॅरेजवर सोडा. सेल्फ महाग असला तरी जिवापेक्षा महाग नाही.

आमच्या गाडीचा सेल्फ वरून हाताला येत होता. ताईने बोल्टला पाना लावला तर एक बोल्ट नुसत्या बोटाने फिरला. मामा हसले. म्हणाले, "निम्मा रोग सापडला."

बोल्ट आवळून आवाज गेला तर तिथेच थांबायचं. आमचा आवाज कमी झाला पण गेला नाही. म्हणून सेल्फ काढला. काढण्याआधी मोबाइलवर वायरींचे फोटो घेतले. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही. नट-बोल्ट एका ताटलीत काढलेल्या क्रमाने ठेवले. सेल्फ वरवंट्यासारखा जड असतो. शेवटचा बोल्ट सुटताना एकीने त्याला खालून आधार द्यायचा. सेल्फ आणि इंजिनच्या मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या असतील तर त्या हरवू द्यायच्या नाहीत. त्या तशाच परत बसवायच्या असतात.

बाहेर काढल्यावर बेंडिक्सचे दात बघा. समोरची कड गोल झालीय का, दात तुटलाय का? मग तो बोटांनी फिरवा. एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला धरला पाहिजे. दोन्हीकडे मोकळा फिरत असेल तर तो गेलाय. धूळ, मळ कोरड्या कापडाने आणि ब्रशने काढा. बेंडिक्स रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. आम्ही डबा घेऊन बसलोच होतो, मामांनी थांबवलं.

आता जिथून सेल्फ काढला त्या भोकातून टॉर्च टाकून रिंग बघा. एकीने बघायचं आणि दोघींनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून अगदी थोडी थोडी ढकलायची. ढकलताना भोकात बोट घालायचं नाही, काही झालं तरी नाही. आमच्या रिंगच्या काही दातांच्या कडा चमकत होत्या, पण तुटलेला एकही नव्हता. आणखी पंधरा दिवस थांबलो असतो तर मामांच्या मते रिंगही गेली असती.

यापुढचं काम घरी करायचं नाही. सेल्फ उघडून बेंडिक्स बदलणं, कार्बन आणि बुश बघणं, सोलेनॉइड तपासणं ही कामं 'सेल्फ-डायनामो दुरुस्ती' अशी पाटी असते त्या दुकानातली. बॅटरीला सेल्फ जोडून घरी फिरवून पाहू नका, तो हातातून उसळी मारतो. नव्या गाड्यांत चावीऐवजी बटण असतं, तिथेही स्वतः हात घालू नका. आम्ही सेल्फ पिशवीत घालून गेवराईला नेला. ताईने दुकानदाराला सांगितलं, "बोल्ट ढिला होता, तो आवळलाय. बेंडिक्सच्या कडा गोल झाल्यात. रिंग बघितलीय, दात शाबूत आहेत. बेंडिक्स बदला, बुश आणि कार्बन मला दाखवा आणि जुना भाग परत द्या." दुकानदाराने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग सेल्फ आमच्यासमोरच उघडला. जुना आणि नवा बेंडिक्स शेजारी ठेवून दात मोजून दाखवले. खर्च हजाराच्या आत बसला. दुसऱ्या दिवशी आम्हीच बसवला, निगेटिव्ह वायर शेवटी लावली आणि ताईने चावी फिरवली. गाडी एका लयीत घुमली आणि सुरू झाली.

प्रत्येक गाडीचं काम एवढ्या स्वस्तात होईल असं मी म्हणत नाही. कुणाचा सोलेनॉइड गेलेला असेल, कुणाची रिंग. कधी खरोखरच पूर्ण सेल्फ बदलावा लागतो. पण काय बिघडलंय हे माहीत असलेल्या बाईला दुकानात वेगळं उत्तर मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर त्यांना जर्मनीतल्या बेर्था बेन्झची गोष्ट सांगा. 1888 साली तिने आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या मोटारगाडीतून मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास केला. इतका लांबचा मोटारप्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. म्हणजे लांबच्या वाटेवर गाडी दुरुस्त करणाऱ्या पहिल्या माणसांत एक आईच होती.

आणि सेल्फ तरी कशासाठी आला? त्याआधी गाड्या हँडल मारून सुरू कराव्या लागत. आपल्याकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू करतात तसं. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत 1912 सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेवरचा सेल्फ आला आणि ज्यांच्या दंडात तेवढा जोर नव्हता त्यांनाही गाडी एकट्याने सुरू करता येऊ लागली. बायकांच्या हाती गाडी येण्यात त्या छोट्या मोटारीचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे 2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, तिच्यात बचत गटातल्या सदस्यांनी गावाच्या रस्त्यावर गाडी चालवावी असाच विचार आहे. गाडी हाती येते, पण तिचं दुखणं ऐकायला आपल्याला कुणी शिकवत नाही. ते आपणच शिकायचं.

आमच्या गटाची पंचसूत्री तुमचीही पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आता आम्ही गाडीचंही एक वहीखातं ठेवलं आहे. तारीख, किलोमीटर, डिझेल आणि शेवटचा रकाना 'आवाज'. नवीन आवाज आला की ताई त्याच दिवशी लिहिते आणि तो रकाना दर बैठकीत मी मोठ्याने वाचते. आठ दिवसांच्या आत त्यावर काय केलं तेही लिहायचं. "चालू होतेय ना" असं म्हणायला आम्ही मनाई केली आहे. त्यात मी पहिली.

तुमच्या गटात चारचाकी असो, रिक्षा असो, नाहीतर पिठाची गिरणी असो, येत्या बैठकीत पाच मिनिटं काढा. ती चालवणाऱ्या बाईला विचारा, हल्ली काही वेगळा आवाज येतोय का? ती काय सांगते ते लिहून घ्या.

काकूंचा नातू आता रांगतो. दारात गाडी सुरू झाली की आवाजाच्या दिशेने मान वळवतो. ताई आता गटातल्या आणखी दोघींना गाडी शिकवते आहे. पहिल्या दिवशी तिने त्यांना स्टिअरिंगवर बसवलं नाही. बाहेर उभं केलं, चावी फिरवली आणि सांगितलं, "आधी ऐका."